बाप तुरुंगात, मुलं मावशीकडे: सही कुणी करायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांची धाकटी बहीण चार वर्षांपूर्वी आजारपणात गेली. मागे दोन मुलं. मुलगी आता ९ वर्षांची आहे, मुलाला नुकतंच पाचवं संपलं. बहिणीच्या नवऱ्याला दारूचं व्यसन. पावणेदोन वर्षांपूर्वी तो मुलांना खोलीत कोंडून गेला आणि दोन दिवस फिरकलाच नाही. मुलीने खिडकीतून हाका मारल्या, शेजारणीने मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, फोन केला. मुलं बाल कल्याण समितीपुढे गेली, तीन महिने बालगृहात राहिली आणि नंतर समितीने 'योग्य व्यक्ती' म्हणून ताईंच्या ताब्यात दिली. मधल्या काळात एका जुन्या मारामारीच्या खटल्यात बापाला ५ वर्षांची शिक्षा झाली. तो अकरा महिन्यांपासून कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आहे. हेळसांडीबद्दलचा वेगळा खटला, बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खालचा, अजून उभा राहायचा आहे आणि त्यात मुलगी साक्षीदार आहे. बाप दर महिन्याला मुलांच्या नावे पत्र पाठवतो. ताईंनी ती अकराही पत्रं न फोडता कपाटात ठेवली आहेत. धाकट्याला "बाबा मुंबईला कामाला गेलेत" असं सांगितलं आहे. गावाकडची आजी, म्हणजे बापाची आई, दिवाळीला नातवंडं पाठवा म्हणते. अमेरिकेतला भाचा म्हणतो, पंधरा महिने झाले की बापाचे हक्क आपोआप जातात. शाळा, बँक, आधार केंद्र, जिथे तिथे "वडिलांची सही आणा". ताईंना स्वतःचा १४ वर्षांचा मुलगा आहे. त्यांचे प्रश्न तीन: याचा बापपणाचा हक्क कायमचा काढून टाकता येईल का? मुलं दत्तक घेता येतील का? आणि तो सुटून आला की मुलं ओढून नेईल का?

ताई,

तुमच्या पत्रात 'हक्क' हा शब्द नऊ वेळा आला आहे आणि 'सही' दोनदा. तुमचं रोजचं अडतंय ते मात्र सहीपाशी. हक्क काढून घेण्याची वाट लांबची आणि बेभरवशाची आहे, आणि एकदा त्या वाटेने गेलात की परत फिरता येत नाही. सहीचा अधिकार मिळवणं त्यामानाने जवळचं काम आहे.

आधी भाच्याचं. तो सांगतो ते अमेरिकेपुरतं अर्धं खरं आहे. तिथे १९९७ चा केंद्रीय कायदा आहे. मूल गेल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीत परक्या घरी किंवा संस्थेत राहिलं, तर आई-वडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज राज्याने न्यायालयात करायचा असतो. आपोआप काही जात नाही. मूल नातेवाइकाकडे असेल तर असा अर्ज न करण्याची मुभा राज्याला आहे, आणि अर्ज केलाच तर 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागतो, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगून ठेवलं आहे. म्हणजे तुमची मुलं तिथे असती, तरी मावशीच्या घरात असल्यामुळे गोष्ट भाचा म्हणतो तितकी सरळ नसती.

आपल्याकडे तसलं घड्याळच नाही. 'अमुक माणसाचा बाप म्हणून असलेला हक्क संपवा' असा एकच, सुटा अर्ज आपल्या कायद्यात नाही. तुम्ही हिंदू कायद्याखाली येता असं धरून चालू. १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या) पालकत्व कायद्यानुसार आई वारल्यावर बाप हाच नैसर्गिक पालक. तो हे पालकत्व दोन कारणांनी गमावतो: धर्म सोडला तर, आणि संन्यास घेतला किंवा वानप्रस्थ स्वीकारला तर. तुरुंगवास त्यात नाही. हिमालयात निघून गेलेल्या बापाचं पालकत्व जातं आणि कळंब्यात बसलेल्याचं राहतं, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलं आहे, आणि न्यायालयं प्रत्यक्षात निकाल देतात ते त्या कलमावर बोट ठेवून.

तुमच्या मनात दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. शिक्षा झाली ती मारामारीबद्दल. मुलांशी तो जे वागला त्याचा निवाडा व्हायचा आहे. मुलांच्या बाबतीत 'अयोग्य' कोण, हे ठरवताना पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरीला वजन असतं. मारामारीत पाच वर्षं गेलेला बाप चांगला बाप असू शकतो, आणि एकही गुन्हा नावावर नसलेला बाप मुलांना दोन दिवस कोंडून जाऊ शकतो. म्हणून कुठल्याही अर्जात "तो गुन्हेगार आहे" या वाक्याने सुरुवात करू नका. तारखा लिहा: किती तास मुलं कोंडलेली होती, घरात खायला काय होतं, शाळेत किती दिवस गैरहजेरी होती, बालगृहात आली तेव्हा वजन किती होतं, कोणती लस राहिली होती. बालगृहाचा वैद्यकीय तपासणीचा कागद आणि समितीपुढचा सामाजिक तपासणी अहवाल यांत बरंचसं सापडेल. दोन्हींच्या प्रती समितीकडे लेखी अर्ज करून मागा.

आता दत्तकाचं. त्यात तीन अडचणी आहेत, आणि पहिली तुमच्याच घरातली. हिंदू दत्तक कायद्यानुसार ज्याला मुलगा आहे त्याला दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. तुम्हाला चौदा वर्षांचा मुलगा आहे, म्हणजे त्या वाटेने बहिणीची मुलगी येईल आणि तिचा मुलगा बाहेर राहील. बाल न्याय कायद्याखालच्या नातेवाईक-दत्तकाला ही अट नाही, आणि त्या कायद्यातल्या नातेवाइकांच्या व्याख्येत मावशी आहे. दुसरी अडचण संमतीची. दोन्ही वाटांवर बापाची संमती लागते. ती नको असेल तर मुलांना समितीने 'सोडून दिलेली' ठरवून दत्तकासाठी मुक्त करावं लागेल, आणि जो बाप दर महिन्याला पत्र लिहितो त्याने मुलं सोडून दिली आहेत असं कुठली समिती लिहील? 'अयोग्य पालक' हा शेरा वेगळा. त्यामुळे मूल 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं' ठरतं, समिती ते बापाच्या ताब्यातून काढू शकते. पण तेवढ्यावर ते दत्तकासाठी मोकळं होत नाही.

तिसऱ्या अडचणीबद्दल सहसा कुणी आधी सांगत नाही. तुम्ही लिहिता, आजीच्या गावाकडे अडीच एकर आहे आणि अजून वाटणी झालेली नाही. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघराशी वारसाचा संबंध तुटतो. जे आधीच त्याच्या नावे झालं आहे, जसं आईच्या मृत्यूने मुलांकडे आलेला तिचा हिस्सा, ते त्याचंच राहतं. पण न वाटलेल्या वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा दत्तकाबरोबर हातचा जाण्याचा धोका मोठा आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वी तसा निकालही दिला आहे. दत्तकाचा विचार पुढे कधी केलात, तर आधी सातबारा घेऊन दिवाणी वकिलाकडे जा. मुलांचं भलं करताना त्यांची जमीन घालवली, असं उद्या त्यांनीच म्हणायला नको.

मग करायचं काय? माझ्या मते दत्तक बाजूला ठेवा आणि न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक मागा. १८९० चा पालक व पाल्य कायदा जुना असला तरी या कामाला पुरतो. सध्या तुमच्याकडे आहे तो समितीचा आदेश 'योग्य व्यक्ती'चा, आणि त्या आदेशाला मुदत असते. पहिलं काम हे: तो कागद काढा आणि मुदत कधी संपते ते पाहा. संपत आली असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदतीच्या आधी द्या. मुदत उलटून गेलेला आदेश घेऊन शाळेत उभं राहणं आणि काहीच कागद नसणं यात फरक उरत नाही.

पालकत्वाचा अर्ज मुलं जिथे राहतात तिथल्या जिल्हा न्यायालयात करायचा. कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथे. सोबत बहिणीचा मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, समितीचा आदेश, शिक्षेच्या निकालाची प्रत, शाळेची प्रगतिपुस्तकं, तुमच्या घराचं उत्पन्न आणि यजमानांची लेखी संमती. 'मी पालक व्हायला तयार आहे' असं तुमचं सहीचं निवेदन लागतं आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साधी गोष्ट आहे, पण राहून गेली तर अर्ज अडकतो. अर्जात मुलांच्या जवळच्या नातेवाइकांची नावं-पत्तेही द्यायचे असतात. म्हणजे आजीचं नाव येणारच. लपवलंत तर पुढे तेच तुमच्या विरोधात वापरलं जाईल. शाळेची सही किंवा आधारचं काम मध्येच अडलं असेल, तर अंतिम निकालाची वाट न पाहता कलम १२ खाली तात्पुरता आदेश मागता येतो.

या कायद्याच्या कलम १९ मध्ये एक दगड आहे. बाप जिवंत असेल आणि न्यायालयाच्या मते अयोग्य नसेल, तर दुसऱ्याला मुलांच्या देहाचा, म्हणजे सांभाळाचा, पालक नेमता येत नाही. तो ओलांडायच्या वाटा दोन. एक, अयोग्यता सिद्ध करा, म्हणजे भांडा. दुसरी, बापाला राजी करा. बापच लिहून देत असेल की मी आत आहे, मुलांच्या शाळेचे, दवाखान्याचे, बँकेचे निर्णय मी घेऊ शकत नाही आणि मेहुणीला पालक नेमायला माझी हरकत नाही, तर न्यायालयापुढचं काम निम्म्याने हलकं होतं.

आणि तो राजी होण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. 'हक्क काढणार' असं ऐकलेला कैदी आतून वकील लावतो. 'मुलं तुमचीच राहतील, आडनाव तेच राहील, प्रगतिपुस्तक दर सहामाहीला येईल, फक्त सही मला करू द्या' असं लिहिलेलं पत्र वाचलेला कैदी बऱ्याचदा सही करतो. आडनाव बदलायचा विचार तुम्ही लिहिला आहे, तो सोडा. जात पडताळणीला पुरावे सहसा वडिलांकडचेच लागतात, हेही ध्यानात असू द्या. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, बापाचा जातीचा दाखला, जुने महसुली उतारे आजीच्या पेटीतून आत्ताच मागून घ्या. मुलगी बारावीला गेल्यावर हे कागद शोधायला निघालात, तर आजी असेल की नाही कोण जाणे.

तुरुंगातून कागद बाहेर येतात कसे, हेही सांगते. वकालतनामा आणि ना-हरकत प्रतिज्ञापत्र कारागृहातच तयार होतं आणि अधीक्षक किंवा तुरुंगाधिकारी सही साक्षांकित करून देतात. न्यायालयाची नोटीस बापाला कारागृहामार्फतच बजावली जाते. इथे हमखास चूक होते: पत्त्यात नुसतं 'कळंबा' लिहितात. पूर्ण नाव, बापाचं नाव आणि बंदी क्रमांक लिहा. क्रमांक पत्रांवर असेल. नसेल तर कारागृहात अर्ज करून मिळवा. कैदी एका कारागृहातून दुसरीकडे हलवलेही जातात, म्हणून नोटीस काढण्याच्या आठवड्यात तो कुठे आहे याची खात्री करा. नोटीस परत आली की पुढची तारीख महिना-दोन महिन्यांनी पडते.

खर्चाची काळजी तुम्ही मोघम लिहिली आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. म्हणजे तुम्हालाही आणि त्यालाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं, आणि १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. दोघांना दोन वेगळे वकील असले तर संमतीवर पुढे कुणी बोट ठेवत नाही.

पैशाची आणखी एक बाजू. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना, आता क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने, संकटातल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये देते. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये आहेत. कोणती योजना तुम्हाला बसते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. जाताना रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, बँक पासबुक आणि बाप कारागृहात असल्याचा कागद सोबत न्या. गृहभेटीला माणूस येतो तेव्हा मुलं घरी असू द्यात.

तो सुटल्यावर काय, या भीतीकडे येते. पाच वर्षं म्हणजे पूर्ण पाच वर्षं नव्हेत, हे आधीच समजून घ्या. खटल्यादरम्यान आत काढलेले दिवस वजा होतात, आणि चांगल्या वागणुकीची माफी मिळते. शिवाय संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे लोक ज्याला फर्लो आणि पॅरोल म्हणतात त्या, आहेत. तो तुमच्या अंदाजापेक्षा आधी दारात उभा राहू शकतो, रजेवर तर यंदाच. त्यामुळे सुटकेची संभाव्य तारीख कारागृहातून लेखी विचारून ठेवा. मुलं कुणाबरोबर सोडायची त्या माणसांची नावं, समितीच्या आदेशाच्या प्रतीसह, शाळेत द्या. आदेश असताना त्याला मुलं परस्पर नेता येत नाहीत. आधी समितीपुढे यावं लागतं. समितीचा निर्णय कुणालाही पटला नाही तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. हे त्यालाही लागू आहे आणि तुम्हालाही, म्हणून आदेश हातात पडल्याची तारीख कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवत चला.

पुढे त्याने ताबा मागितलाच, तर न्यायालय मुलांचं हित पाहील. १९९२ च्या एका प्रकरणात आई गेलेली, बापावर तिच्या छळाचा खटला आणि मुलं मामाकडे; सर्वोच्च न्यायालयाने मुलं मामाकडेच ठेवली. २००८ मध्येही आईच्या मृत्यूबद्दल खटला चालू असलेल्या बापाऐवजी आईच्या आई-वडिलांकडे मूल दिलं गेलं. दोन्ही वेळा मुलांना काय हवं, हे विचारलं गेलं. पण २०२२ चा एक निकाल तुमच्यासाठी जास्त बोलका आहे. करोनात आई-वडील गमावलेल्या मुलासाठी मावशी आणि बापाचे आई-वडील यांच्यात वाद होता. मावशी नोकरदार, कमाई चांगली, तरीही सर्वोच्च न्यायालयाने मूल आजी-आजोबांकडे दिलं आणि फक्त उत्पन्नावरून ठरवता येणार नाही असं म्हटलं. म्हणून त्या आजीला कमी लेखू नका. दिवाळीला चार दिवस मुलं पाठवण्यात तुमचं नुकसान नाही. समितीच्या आदेशात बाहेरगावी नेण्यावर काही अट आहे का ते बघा, आधी कळवा, परतीचा दिवस ठरवा आणि पाठवा. उद्या आजी न्यायालयात तुमच्या बाजूने दोन वाक्यं बोलली, तर वकिलाच्या दहा पानांपेक्षा ती जास्त कामाला येतील.

आता कपाटातली अकरा पत्रं. ती लपवली म्हणून तुम्हाला दोष देत नाही. बहिणीच्या मुलांची ती अवस्था बघितल्यावर हात थबकणारच. पण आज ती बाहेर काढा. प्रत्येक पाकिटावर मिळाल्याची तारीख घाला आणि फाइलला लावा. आधी तुम्ही आणि यजमान वाचा. "कोर्टात असं सांग", "पोलिसांना म्हण की मला आठवत नाही" असलं काही असेल, तर ते पत्र मुलीला न देता समितीला आणि सरकारी वकिलांना दाखवा. बाकीची, म्हणजे जेवलीस का, दादागिरी करू नकोस, अभ्यास कर, अशी असतील तर मुलीला सांगा की पत्रं आली आहेत आणि तुला हवं तेव्हा वाच. हवंच असं नाही. पण ती आहेत हे तिला अठराव्या वर्षी कपाट आवरताना कळू नये. शिवाय न्यायाधीश विचारतील, "मुलांचा बापाशी संपर्क राहू दिलात का?" त्या वेळी ही फाइल तुमचा पुरावा ठरेल. बंद पाकिटांचा गठ्ठा मात्र त्याचा पुरावा ठरेल.

भेटीबाबत मी सावध आहे, कारण मुलगी साक्षीदार आहे. तिची साक्ष नोंदवली जाईपर्यंत समितीच्या लेखी परवानगीशिवाय तिला कारागृहात नेऊ नका. नेलंत तर बचावाचा वकील म्हणेल की तुम्ही तिला पढवलं, किंवा सरकारी वकील म्हणेल की बापाने पढवलं. तिची साक्ष लवकर घ्यावी, अशी विनंती सरकारी वकिलांमार्फत करता येते. तोवर पत्रं चालू द्यात. मुलीचं एक पान आणि धाकट्याचं एक चित्र महिन्याला पुरे. साक्ष झाल्यावर आधी ई-मुलाकात, म्हणजे पडद्यावरची भेट, मग प्रत्यक्ष मुलाखत. राज्यातल्या मोठ्या कारागृहांत अधूनमधून 'गळाभेट' हा उपक्रम होतो. त्यात मुलं जाळी-काचेच्या अलीकडे बापाला भेटतात. मुलांसाठी तो नेहमीच्या मुलाखतीपेक्षा बरा, पुढची तारीख कारागृहात विचारून ठेवा. नेताना आदल्या दिवशी सांगा की झडती होईल, बाबा पांढऱ्या कपड्यांत असतील, वेळ थोडा मिळेल आणि बाबा रडतीलही. "बाबा लवकर येणार" असं काही बोलू नका. तुम्हाला ते माहीत नाही.

हे वाचणाऱ्या आणखी काही घरांसाठी. आत आई असेल, तर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकतं. सहानंतर तिच्या इच्छेप्रमाणे योग्य माणसाकडे किंवा संस्थेत द्यायचं, शक्यतो त्याच गावात, आणि संस्थेतल्या मुलाची आईशी आठवड्यातून एकदा तरी भेट व्हायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कारागृहातल्या मुलांविषयीच्या निकालात सांगितलं आहे. भेट घडत नसेल तर त्या निकालाचा उल्लेख करून समितीकडे अर्ज करा. मूल संस्थेत असेल तर भेटीच्या नोंदवहीत तुमचं नाव पडत राहू द्यात. ज्यांना कुणी भेटायला येत नाही आणि ज्यांचे पालक 'अयोग्य' ठरले आहेत, अशा मुलांच्या वेगळ्या याद्या गेल्या काही वर्षांत काढल्या जात आहेत, दत्तकासाठी किंवा दुसऱ्या कुटुंबात ठेवण्यासाठी. आत असलेली आई येऊ शकत नाही. मग मामा, काकू, आजी कुणी तरी गेलं पाहिजे आणि आईचं पत्र संस्थेच्या फायलीत लागलं पाहिजे. आणि आत असलेल्या बाईकडून कुणी मूल 'सुपूर्द' करण्याच्या कागदावर सही मागत असेल, तर तिला सांगा की फेरविचाराला कायद्याने दोन महिने मिळतात. ते उलटले की मूल परत मिळण्याची वाट जवळजवळ बंद होते. सही करण्याआधी विधी सेवेचा वकील मागायचा.

ताई, शेवटी मुलांना काय सांगायचं. धाकट्याला मुंबईची गोष्ट आणखी सांगू नका. शाळेत कुणी तरी त्याला खरं सांगेलच, आणि मग मावशी खोटं बोलली एवढंच त्याच्या लक्षात राहील. दोन वाक्यं पुरतात: "बाबांनी एका माणसाला मारलं. म्हणून न्यायाधीशांनी त्यांना काही दिवस तुरुंगात ठेवलंय."

मुलीशी वेगळं बोलावं लागेल. खिडकीतून हाका तिनेच मारल्या होत्या. त्यानंतर फोन झाला, पोलीस आले आणि काही महिन्यांनी बाबा तुरुंगात गेले. नऊ वर्षांच्या डोक्यात हे सगळं एका ओळीत लागतं: मी ओरडले म्हणून बाबा आत गेले. तिने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा, स्वयंपाक करता करता, तोंडासमोर बसवून नव्हे. बाबा तुरुंगात आहेत ते त्या मारामारीमुळे, ती तू खिडकीत उभी राहण्याच्या कितीतरी आधी झाली होती. तू हाक मारलीस म्हणून तुला आणि भाऊला त्या दिवशी जेवायला मिळालं.